नवव्या दगडाचे काका

"ह्या दगडाची मान लचकली हाय बग," असं पुढच्या बाकावरून ऐकू आलं, तेव्हा मी मिनीडोअर रिक्षात मागे, पिशवी मांडीवर घेऊन अंग चोरून बसले होते. रस्त्याकडेला कललेल्या किलोमीटरच्या दगडाविषयी इतक्या काळजीने बोलणारा माणूस जगात एकच, आमचे मैलकुली काका. पनवेलहून आपट्याकडे जाणारा राज्यमार्ग सरकारचा आहे अशी आमची समजूत. काकांच्या मते सरकारने तो त्यांच्याकडे सांभाळायला दिला होता आणि ते निवृत्त झाले तरी अजून परत मागितला नव्हता.

खड्डे भरणं, कडेचं गवत काढणं, दगडांना पांढरा रंग देऊन वर हिरवी टोपी चढवणं, यात त्यांची सगळी नोकरी सरली. त्यामुळे आयुष्यही किलोमीटरमध्येच घडलं. लग्न अकराव्याला जमलं, थोरला मुलगा सहाव्याशी, दवाखान्याच्या वाटेवर जन्मला, आणि सुनेशी बिनसलं की ते साडेआठला जाऊन बसत. खंडेनवमीला लोक गाड्या-अवजारं पुजतात. काका घरासमोरच्या नवव्या दगडाला झेंडू वाहून नारळ फोडत. एका वर्षी दहावा रुसलाय म्हणत दुसऱ्या दिवशी तिकडेही खोबरं ठेवून आले. माझ्या इंग्रजी शाळेने मराठी आकडे कधी घोटून घेतले नाहीत. लहानपणी ते मला काकांनी या दगडांवरून शिकवले.

मला चालत्या गाडीत 'थांबवा' म्हणता येत नसे. सगळे वळून बघतील असं वाटायचं. पूर्वी मी पुढे जाऊन उतरायचे आणि जणू तिथंच काम होतं अशा थाटात, फोन कानाला लावून मागे चालत यायचे. काकांनी हे दोनदा पाहिलं. तिसऱ्या दिवसापासून सातवा दगड दिसला की तेच ड्रायव्हरला सांगू लागले, "पोरीचा सात आला. दाब बिरेक." मला कधी काही विचारलं नाही.

मग रुंदीकरण आलं आणि दगड उपटले गेले. त्या संध्याकाळी काका दांडी धरून बाहेर वाकून बघत होते. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात दोन्हीकडे सारखीच लाल माती. माझा सात मागे गेला, त्यांना कळलं नाही, आणि मी गप्प. ड्रायव्हरने काकांना विचारलं, कुठं उतरायचं. "दगड येऊ दे," ते म्हणाले. कोणी म्हणालं, काका, आता मोबाईलवर बघा. सगळे हसले. काका मात्र आणखीच बाहेर वाकले. स्वतःचं घर त्यांना सापडत नव्हतं.

तेवढ्यात चाकांखाली ओढ्यावरची मोरी धडधडली. मोरीनंतर चिंच, चिंचेनंतर नऊ, हे आकडे शिकवताना त्यांनीच सांगितलं होतं. चिंचेचा आता नुसता बुंधा उरला होता, पण मला दिसला.

हल्ली दोघांचेही थांबे मीच सांगते. काका फक्त मान डोलावतात. त्या दिवशी मला दोन किलोमीटर मागे चालायचं होतं, तरी घशातून आवाज निघाला तेव्हा काकांच्या आधी मलाच हायसं वाटलं.

"थांबवा," मी म्हणाले, "काकांचा नऊ आला."