जरीपटक्याची ओळ

संचालक साहेबांनी माझ्यादेखत त्या ओळीवर लाल रेघ ओढली. मीटिंगमध्ये, आठ जणांसमोर.

ओळ अशी होती: ‘शिक्षणाच्या काळात मंत्रिमहोदय नागपूरच्या जरीपटका वस्तीत एका बौद्ध कुटुंबाच्या घरी तीन वर्षं राहिले.’

“हे काढा मॅडम. लोकांना वाटेल, नागपुरात त्यांना चांगलं घरच मिळालं नाही.”

“मिळालंच नव्हतं, सर.”

“सगळीकडे तुमचं ते आणू नका. आणि उद्या तुम्ही चहाकडे बघा. स्टेजवर गर्दी नको.”

सगळे हसले. मी “जी सर” म्हणाले आणि कागद उचलला. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द माझ्याआधी बोलायला शिकलेत.

आमच्या संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या याद्या मी करते. गाड्या, हार, खुर्च्या. पाहुण्यांचा परिचयही. उद्याच्या पाहुण्यांच्या परिचयासाठी कुणाला विचारावं लागलं नाही. आफ्रिकेतल्या एका लहान देशाचे हे कृषिमंत्री आमच्या घरचे दादा होते.

मी दहा वर्षांची होते. दादा इथं शेतीचं शिकायला आलेले. बाबा त्यांच्या कॉलेजात माळी. बाबा त्यांना घेऊन खोली शोधत फिरले, मी सायकलच्या दांडीवर. दोन घरांनी दादांकडे पाहून खोली गेली म्हणून सांगितलं. ‘खोली भाड्याने देणे’ ही पाटी दारावर तशीच. तिसऱ्या घरच्या बाईंनी बाबांचं आडनाव विचारलं. मग दोघांनाही पायरीवरून उतरवलं.

घरी आईनं दादांसमोर ताट ठेवलं. “बस गा बाबू. तुले तं रंग पाहूनच हाकलतेत. आमचं निदान आडनाव तरी विचारतेत.”

दादांना काही कळलं नाही. आई हसली म्हणून तेही हसले.

मायदेशी ते बियाणं खात्यात साधे अधिकारी झाले. मग खासदार, उपमंत्री, मंत्री. दर वेळी आईला पत्र यायचं. इंग्रजीत. मी वाचून दाखवायची, आई पदराला हात पुसत ऐकायची. शेवटचं पत्र गेल्या महिन्यात आलं: नागपूरला येतो आहे, आईच्या हातची भाकर खायला.

तेव्हा आईला जाऊन दोन महिने झाले होते. ‘दादांना कळवणे’ हे काम मी रोज यादीत लिहिते. रोज उद्यावर ढकलते.

आई आता त्या एका ओळीत उरली होती. तिथंही तिचं नाव नव्हतं. ते मीच घातलं नव्हतं, साहेबांना आवडणार नाही म्हणून. पहिली रेघ माझी होती.

आज संध्याकाळी परिचय पुन्हा टाईप केला. ओळ ठेवली. आईचं नाव घातलं, बाबांचं घातलं. ती पाटी आणि ती पायरीही.

उद्या दादा गाडीतून उतरले की आधी त्यांना आईचं सांगेन. मग परिचय मी वाचेन. माईक बंद केला तर बिनमाईकचा वाचेन. यादीत ‘चहा’समोरचं माझं नाव खोडलं आहे. तिथं कुणाला लिहायचं ते साहेबांनी बघावं.