पंप दोनदा का चालतो?

भिंतीवर तो लांबलचक खाकी कागद लागला त्या सकाळपासून डॉक्टरांची नजर घडीघडी त्याच्याकडेच जाऊ लागली.

डॉक्टर म्हणजे औषधपाण्याचे डॉक्टर नव्हेत. घराच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारे छोटे पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते शेवटच्या तपासणीच्या टेबलावर होते. पंप चालू करायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं बेअरिंग सरळ बसलं असेल तर एकसारखी घूं ऐकू येते. तिरकं बसलं असेल तर त्या घूंच्या आड एक बारीक खरखर असते, आणि ती पकडणं हे सोम्यागोम्याचं काम नाही. तरुणपणी डॉक्टरांनी ती पलीकडच्या टेबलावर चहा पितापिता पकडलेली आहे. त्यावरूनच हे नाव पडलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते फार आवडायचं. नापास पंपाकडे बघून ते असं काही तोंड करत, की बेअरिंग बसवणाऱ्याला वाटावं आपल्या हातून माणूस दगावला.

तर असे हे डॉक्टर बहिरे झाले होते. एकदम नाही. उमेदीची वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशेजारी गेली, त्यांनी मागाहून आपलं काय ते वसूल केलं. आधी दारावरची बेल गेली, मग पाखरं गेली, मग पाठीमागून बोलणारी माणसं गेली. जाड आवाज अजून कळे. समोर उभं राहून कुणी बोललं तर ओठ बघून निभावता येई. पंपाची घूंसुद्धा हाडातून नीट येई. फक्त ती खरखर तेवढी येईना. ज्या एका गोष्टीसाठी पगार मिळत होता, नेमकी तीच.

बायको म्हणाली, कानाचं यंत्र घ्या. ते म्हणाले, यंत्र लावून तपासणीला बसलो तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. तिला हे पटलं नाही. पण लेकीचं शिक्षण अर्ध्यावर होतं, आणि ह्या वयात दुसरं काम कोण देणार होतं? म्हणून ती गप्प बसली आणि घरात मोठ्यानं बोलायला लागली. शेजाऱ्यांना वाटलं, ह्यांची हल्ली फार भांडणं होतात.

नोकरी टिकली ती मेहुण्यामुळे. बायकोचा हा धाकटा भाऊ, त्याला डॉक्टरांनीच कारखान्यात चिकटवला होता. तो त्यांच्या अलीकडच्या टेबलावर पंपाची जोडणी करायचा. एकदा एक खरखरणारा पंप डॉक्टरांनी डोळे मिटून पास केलेला त्यानं पाहिला. एक स्क्रू राहिला असं पुढच्या टेबलावरच्या रंगवाल्याला सांगून त्यानं तो पंप परत आणला, आणि तेव्हापासून प्रत्येक पंप पुढे सरकवण्याआधी स्वतः एकदा चालवून ऐकायला लागला. चांगल्या पंपाची वायर सुलटी गुंडाळायची, खरखरणाऱ्याची उलटी. डॉक्टरांना आधी ह्या उलट्या वायरींचा रागच आला. मग एकदा मेहुण्याची नजर दिसली आणि सगळं उमगलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी उलटी वायर दिसल्याबरोबर त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले आणि जुनं तोंड केलं. दोघांत ह्या विषयावर अवाक्षर कधी निघालं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि आता ही मूठ उघडायला नकाशेवाल्या बाई आल्या होत्या.

मालकांनीच त्यांना बोलावलं होतं. पंप कारखान्यातून कसाकसा जातो ह्याचा नकाशा काढायचा, तो कुठं नुसता पडून राहतो, कुठं उगाच फिरतो, कुठं तेच काम दोनदा होतं ते शोधायचं आणि कमी करायचं, असं काम. प्रत्येकानं आपण काय करतो ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहून कागदावर डकवायचं. जे वाया जातंय तिथं बाई लाल टिकली लावणार. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, की वाया काम जातं, माणूस नव्हे. पण पॅकिंगवाल्यानं बातमी आणली होती, की दुसऱ्या एका कारखान्यात असाच कागद लागला आणि तो उतरवला तेव्हा त्याच्याबरोबर बरीच माणसंही उतरली. मग काय, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जो तो कामात बुडालेला दिसायला लागला. झाडूवाली झाडलेलंच झाडायला लागली.

बाई स्वभावानं वाईट नव्हत्या. एक पंप हातात घेऊन त्या टेबलाटेबलावरून त्याच्याबरोबर हिंडत आणि जो तो काय करतो ते शांतपणे बघत. फक्त त्यांना पाठीमागे उभं राहून प्रश्न विचारायची खोड होती, आणि डॉक्टरांचा जीव तिथंच टांगणीला लागे. त्यांनी जेवणाचा स्टीलचा डबा टेबलावर असा ठेवला, की मागचं माणूस त्यात दिसावं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तरीसुद्धा एकदा गाफील सापडले. मान वळवली तर बाई उभ्या, ओठ नुकतेच मिटलेले, भुवया उत्तराची वाट बघत उंचावलेल्या. बहिऱ्या माणसाचं एकच हत्यार असतं, तेच त्यांनी काढलं. हसले आणि मान डोलावली. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि त्या पुढे गेल्या. आपण कशाला हो म्हणालो, ह्या विचारात डॉक्टरांनी भरलेला डबा तसाच घरी नेला.

टिकल्या लावायच्या दिवशी सगळे कागदापुढे जमले. डॉक्टर मुद्दाम पुढे उभे राहिले, बाईंचे ओठ दिसावेत म्हणून. लाल टिकली धरलेलं बोट चिठ्ठ्यांवरून सरकत होतं. ते तपासणीच्या चिठ्ठीवर येऊन थांबणार आणि आपला निकाल लागणार, ह्याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती. घरी कसं सांगायचं ह्याची वाक्यंसुद्धा त्यांनी जुळवून ठेवली होती.

बोट एक चिठ्ठी अलीकडेच थांबलं.

"पंप दोनदा का चालतो?" बाईंनी मेहुण्याला विचारलं.

मेहुण्यानं सवय आहे म्हणून सांगितलं. बाई समजुतीनं म्हणाल्या, की ऐकायला शेवटी डॉक्टर आहेतच, मग तेच काम आधी करण्यात वेळ जातो आणि तुझ्या टेबलामागे पंप साचतात. मग डॉक्टरांकडे वळून हसून म्हणाल्या, "मी परवा तुम्हाला विचारलंच होतं, की आधी न चालवलेला पंप आला तर चालेल ना? तुम्ही हो म्हणालात."

टिकली मेहुण्याच्या चिठ्ठीवर बसली. कुणाची नोकरी गेली नाही म्हणून सगळे सुटल्यासारखे हसले. सुपरवायझरनं डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली. सगळा भरवसा तुमच्या कानावर, असं काहीसं तो म्हणाला असावा. डॉक्टरांची नोकरी शाबूत होती, आणि ते आगीतून निघून फुफाट्यात पडले होते.

संध्याकाळी मेहुणा प्रथमच त्यांच्याशी ह्या विषयावर बोलला. गेटाबाहेर, समोर उभा राहून, ओठ नीट हलवत.

"दाजी, मी काय करू? माझ्या टेबलावरचा प्लगच काढून नेलाय."

डॉक्टर म्हणाले, बघू. बघण्यासारखं काय होतं ते त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या सकाळपासून नवी पद्धत सुरू झाली. पंप सरळ येऊ लागले, सगळ्यांच्या वायरी सुलट्या. डॉक्टर स्क्रूड्रायव्हर टेकवत, डोळे मिटत आणि अंधारात नुसती घूं ऐकत. बोटांनी थरथर चाचपून बघत. थरथर सगळ्यांचीच सारखी लागे. एकालाही नापास करावं असं काही सापडेना, म्हणून सगळेच पास होत. आजवर भीती होती ती पकडलं जाण्याची. आता वेगळीच बसली. बेअरिंग अडकलं की पंप तापतो, कॉइल जळते, आणि पंप असतो पाण्याजवळ, कुणाच्या तरी ओल्या मोरीत. कुणीतरी ओल्या हातानं तो बंद करायला जातं. ते कुणीतरी डॉक्टरांना दर पंपाला दिसायला लागलं, आणि दर वेळी ते त्यांच्या लेकीच्या वयाचं असे.

दुपारी रंगवाला एक पंप काखेत मारून आला आणि हसत हसत समोर ठेवला. म्हणाला, माझी परीक्षा घेता का डॉक्टर? तुम्ही चालवलात तेव्हा ह्याची खरखर मला तिकडे बसल्या जागी ऐकू आली.

डॉक्टरही हसले. तो गेल्यावर त्यांनी पंप चालू केला आणि स्क्रूड्रायव्हर हाड दुखेपर्यंत दाबून धरला. घूं. त्यापलीकडे काही नाही. सकाळपासूनचे किती पंप रंगवाल्यानं लक्ष न देता पुढे ढकलले असतील? दाराशी टेम्पो लागला होता आणि पॅकिंगवाला खोके चढवत होता.

खाकी कागदापुढे बाई आणि सुपरवायझर उभे होते. मेहुण्याच्या टेबलामागचा ढीग नाहीसा झाला होता, त्याच खुशीत दोघे होते. डॉक्टर उठले. तेवढं अंतर त्यांना संपेना. अजूनही परत फिरता येईल, पाणी प्यायला निघालो होतो म्हणता येईल, असं मन सारखं सांगत होतं. ते बाईंपुढे जाऊन उभे राहिले आणि हळूच, त्यांच्यापुरतं म्हणाले,

"टेम्पो थांबवा. मला खरखर ऐकू येत नाही. फार वर्षं झाली. आधी हा मेहुणा ऐकायचा. आज कुणीच ऐकलेलं नाही."

त्यांच्यापुरतं, असं त्यांना वाटलं. बहिऱ्याचा हळू आवाज तो केवढा असणार. पलीकडचा पत्रावाला वळला, झाडूवाली वळली, टेम्पोतला पॅकिंगवाला खोका छातीशी धरून तसाच थांबला. एकेक करून सगळ्यांनी हातातली कामं सोडली.

सुपरवायझरनं बाईंकडे तोंड आणि डॉक्टरांकडे पाठ केली आणि बोलायला सुरुवात केली. बराच वेळ बोलला. डॉक्टरांना त्याचे हलणारे खांदे दिसत होते. त्याचं बोलणं ऐकणाऱ्या माणसांचे चेहरे दिसत होते. रंगवाल्यानं मान खाली घातली, त्याच्याशेजारी उभ्या मेहुण्यानंही. बाईंनी हात वर करून सुपरवायझरला थांबवायला बघितलं. आपल्याला काढलं, की आणखी काही, हे डॉक्टरांना कळायला मार्ग नव्हता. मान आपोआप डोलायला निघाली होती, सवयीनं. त्यांनी ती आवरली.

"साहेब, इकडे वळून बोला," ते म्हणाले. "पाठमोरं बोललेलं मला कळत नाही."

सुपरवायझर वळला. तोंडावर तेच सगळं पुन्हा बोलणं त्याला जमेना. तो एकदा बाईंकडे, एकदा टेम्पोकडे बघत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, की आधी खोके उतरवा, बाकीचं उद्या.

खोके उतरले. बाईंनी स्वतः प्लग आणून मेहुण्याच्या टेबलाला जोडला आणि कागदावरची लाल टिकली नखानं खरवडून काढली. ती दुसरीकडे कुठं लावली नाही, बोटावर तशीच ठेवली. मेहुणा एकेक पंप चालवून ऐकत होता. डॉक्टर शेजारी बसून खोके फोडून देत होते. काही वायरी उलट्या गुंडाळल्या गेल्या. त्यांच्यावरून नजर मात्र त्यांनी हटवली नाही.

सुटी झाल्यावर दोघं रस्त्याला लागले. उद्या काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. कोपऱ्यावर डॉक्टर थांबले आणि त्यांनी मेहुण्याला विचारलं, साहेब पाठ करून बोलत होते ते काय म्हणाले?

मेहुणा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि ओठ नीट हलवून म्हणाला, "मलापण नाही ऐकू आलं, दाजी."