ब्रह्मदेशात राहिलेल्या आज्याचं पान

आष्टीचा हा मेंढपाळ बोलताना माणसाकडं बघत नाही, मेंढरांकडं बघतो. त्याचा आजा दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची खेचरं हाकायला ब्रह्मदेशात गेला, तो परतलाच नाही. मेल्याची तिथी ठाऊक नाही, म्हणून सर्वपित्रीला त्याचं पान ठेवतात.

यंदा मीही होतो. पत्र्यावरचा कावळा काही केल्या पानाला शिवेना. गेलेल्याची इच्छा अडली असली की त्याला वचन द्यावं लागतं. मेंढरं इकनार न्हाई म्हणून झालं, भावासंगं बोलीन म्हणून झालं. शेवटी तो ओरडला, "दुसऱ्याच्या लढाईत मेलास, आज्या! माज्या पोराला न्हाई धाडत फौजेत, मंग तर झालं?"

कावळा झेपावला.

त्यानं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. पोर फौजेत भरती झाल्याचे पेढे त्यानं कालच मला चारले होते.