झोपाळा मेंबरांचा आहे

"ए, ऊठ वहाँसे! झूला मेंबर लोग का है."

मॅनेजर ओरडला तेव्हा मी झोके घेत होते. गोल्फ क्लबच्या ओसरीवर, सफाईच्या युनिफॉर्मात, भर दुपारी. घाईत उतरताना तोल गेला, गुडघ्यावर आपटले. खुर्च्यांवरचे दोघे-तिघे मेंबर हसले.

त्या दिवशी आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. माझे मायबाप गेले, घर भावकीने घेतलं. सुटी मागितली तीही मिळाली नाही. पोटासाठी आलो त्या शहरात, लिंबायत वस्तीतल्या आमच्या खोलीत झोका बांधायचा तर आधी खाट बाहेर काढावी लागते. आणि इथे हा थोरला सागवानी झोपाळा, पितळी कड्यांचा, रिकामा. आखाजीला रिकामा झोका सोडून जाणं मला जमलं नाही. बसले.

हा क्लब म्हणजे कुण्या जुन्या शेठची गावाबाहेरची हवा खायची कोठी. नक्षीचे खांब, रंगीत काचांची तावदानं, छत तर इतकं उंच की आमच्यासारख्या दोन खोल्या एकावर एक मावतील. मी ते सगळं रोज पुसायची आणि जळायची. खोटं कशाला बोलू? शेठच्या देवघरात आता गोल्फच्या काठ्या ठेवतात. त्यांना एसी. माझ्या पोरी घामाने भिजून झोपतात, भिंतीपलीकडे कापडाच्या लूमचा खडखडाट. काठ्यांचा हेवा करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी करायची.

मॅनेजरने फडकं माझ्या पायाशी फेकलं. "जहाँ बैठी थी, वहाँ साबुन से धो. सबके सामने."

माझ्यासोबत काम करणारी गोडादरा वस्तीतली मावशी कानाशी पुटपुटली, "धुई टाक वं माय. नोकरी जाई."

मी फडकं उचललं. खरंच उचललं. आणि डोकं फिरलं. त्याच फडक्याने सकाळी मीच तो झोपाळा पुसला होता.

"नहीं धोऊंगी," मी म्हटलं. "सुबह मैंने ही साफ किया. मेरे बैठने से गंदा कैसे हुआ, बोलो."

त्याने मेंबरांकडे पाहिलं. ते मोबाइलमध्ये बघू लागले.

"कल से मत आना."

घरी नवरा भडकला. जा, माफी माग म्हणाला. नाही मागितली. आता घरीच साड्यांना टिकल्या चिकटवते. शेजारणी समजावतात, दुसऱ्याचं बघून जळू नये बाई. मी जळणार. जळले म्हणूनच मला दिसलं, त्या घरात राबतं कोण आणि बसतं कोण.

पोरींना मी सांगून ठेवलंय. चांगलं घर दिसलं तर मान खाली घालू नका, डोळे भरून बघा. हवंसं वाटलं तर तोंडाने म्हणा, हवंय. आणि ज्याला तुमचे हात चालतात पण तुमचं बसणं चालत नाही, त्याची घाण त्यालाच काढू द्या.