आर्डिसआत्याच्या हातची वडी

व्हर्लिन हौगेन हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ ढकलतो आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवतो. बोलायला महाकंजूष. मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला आम्ही सगळेच तोंड जपून उघडतो, पण व्हर्लिन 'बरंय' एवढं म्हणाला तरी त्याची बायको लॉरी म्हणायची, "आज फारच बडबडलास." असा हा माणूस त्या उन्हाळ्यात गावभर एकेकाला गाठून विनवत हिंडत होता, "माझ्या मुलीला काहीतरी खायला देऊन बघता का?"

मुलीचं नाव मारेन. शेंगदाण्याचा कणही पोटात गेला तर तिचा घसा सुजायचा. दोन वर्षांची असताना एकदा तसं झालं होतं. व्हर्लिननं तिच्या मांडीत औषधाची सुई खुपसली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिचे निळे पडत चाललेले ओठ बघत बसला. ते ओठ त्याच्या डोळ्यांपुढून कधी गेलेच नाहीत.

बालवाडी चर्चच्या तळघरात होती. मुलं मोजकी, आणि कॉनीबाई प्रत्येक डबा स्वतः उघडून हुंगायच्या. किंडरगार्टन म्हणजे मोठी शाळा, पिवळी बस, जेवायला शेकडो पोरांचा गोंगाट. तिथं कोण कुणाचा डबा हुंगणार? मारेनला ऑगस्ट संपता संपता पाच वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे वयात जेमतेम बसत होती. यंदा पाठवा नाहीतर पुढच्या वर्षी, दोन्ही चाललं असतं. लॉरीचं मत पक्कं होतं. "न विचारता तिनं कुणाच्याही हातचं खाल्लं, की अजून एक वर्ष कॉनीबाईंकडे." मारेनला मात्र ती पिवळी बस हवी होती.

म्हणून ही तालीम. आधी विचारायचं, 'यात शेंगदाणे आहेत का?' समोरच्याच्या तोंडून 'नाही' ऐकल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. मासेमारीच्या सामानाच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं गोड गोळी देऊन बघितली, टपाल कचेरीतल्या बाईंनी बिस्कीट पुढे केलं. पोरगी घडाघडा विचारायची. पण चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत ट्रकांवरून पोरांसाठी खाऊच्या गोळ्यांचा सडा पडला आणि बाईसाहेब सगळं विसरल्या. व्हर्लिननं बोट घालून तिच्या तोंडातली गोळी काढली. गोळी साधी लिमलेटची निघाली, पण घरात कितीतरी दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. लॉरी म्हणाली, "आता शेवटची संधी."

शाळा सुरू होण्याआधीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये पोरांची दप्तरं वेदीपुढे ठेवून त्यांना आशीर्वाद देतात. लॉरी इस्पितळात कामाला, त्या दिवशी तिची ड्यूटी होती, म्हणून व्हर्लिन एकटाच मारेनला घेऊन आला. आशीर्वाद झाला आणि सगळे तळघरात कॉफीला उतरले. तिथं आर्डिसआत्या ताटली घेऊन उभी होती.

व्हर्लिनची आई लवकर गेली. त्याला वाढवलं ते या आत्यानं. तिच्या चॉकलेटच्या वड्यांशिवाय गावात लग्न लागत नाही की मयत उरकत नाही. एरवी त्यांत पीनट बटर असतं, पण मारेनसाठी ती सूर्यफुलाच्या बियांचं लोणी घालून वेगळा साचा लावायची. आमच्याकडे कुणाच्याही खाऊला आधी 'नको नको' म्हणायची रीत आहे, पण आर्डिसआत्याच्या वडीला नाही म्हणायची कुणाची छाती नाही.

"ये गं माझी शाळकरीण! ही खास तुझी."

मारेननं हात मागे बांधले. "यात शेंगदाणे आहेत का?"

आत्याचा चेहरा पडला. "अगं, मला विचारतेस? तुझ्या बापाला मी भरवलंय!"

"यात शेंगदाणे आहेत का?"

"मी काय खुळी आहे का?"

"आजी 'नाही' म्हणाली नाही," मारेन बापाकडे वळून म्हणाली.

व्हर्लिनचे कान तापले. सगळं गाव बघत होतं. ज्या बाईनं त्याला रांधून वाढलं, तिची भरल्या सभेत झडती चालली होती, तीही त्याच्याच शिकवणीनं. "मारेन, पुरे. आपल्या आजीनं केलंय. घे."

"तिला 'नाही' म्हणू दे."

"घे म्हटलं ना!" त्यानं वडीचा तुकडा मोडला आणि स्वतःच्या हातानं तिच्या तोंडाशी नेला. मारेननं ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडेना.

"बरं बाई, म्हणते," आत्या चिडून म्हणाली. "यात शेंगदाणे..." आणि ती तिथंच अडली. तिची नजर ओट्याकडे गेली. तिथं दोन साचे शेजारी शेजारी होते आणि मध्ये एकच सुरी पडली होती, चॉकलेटनं माखलेली.

"व्हर्लिन, हात मागे घे!" ती किंचाळली. "दोन्हीकडच्या वड्या मी एकाच सुरीनं कापल्यात. आधी लोकांच्या, मग तिच्या."

तुकडा फरशीवर पडला. व्हर्लिन मोरीकडे धावला आणि कोपरापर्यंत हात घासू लागला. साबण सटकत होता. मागे आत्या खुर्चीत बसून ढसाढसा रडत होती आणि बायका तिला पाणी देत होत्या. इतकी वर्षं तो परक्या हातांना भीत होता. आज त्यानंच लेकीच्या ओठांशी घास नेला होता, चारचौघांत बरं दिसावं म्हणून. त्याला स्वतःची शिसारी आली.

मारेन त्याच्यापासून जरा लांब येऊन उभी राहिली. बाबाचे हात धुऊन होईपर्यंत जवळ जायचं नाही, हे तिला पाठ होतं.

"बाबा, किंडरगार्टनमध्ये तू नसशील ना?"

तिला एकटीची भीती वाटतेय, असं त्याला वाटलं. त्यानं नळ बंद केला. "नाही गं राणी. तिथं मी नसेन."

मारेननं सुटकेचा श्वास सोडला. "मग मला जमेल," ती म्हणाली.