आठ दिवसांनी उघडायची पेटी

तळोज्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मी पनवेलजवळच्या गावात खोली घेऊन एकटा राहू लागलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. त्यासाठी घरच्यांनी जे सोसलं, त्यापुढे एकटेपणाची तक्रार करायला लाज वाटायची. आईला फोनवर "मजेत आहे" म्हणायचो.

मधमाशीपालनाचं शिबिर केलं तेही सुट्टीचा दिवस सरावा म्हणून. तिथून माश्यांसकट दोन पेट्या आणल्या. घरमालकीण काकींनी काही न विचारता परसात शेवग्याखाली जागा दिली. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले.

शिबिरातल्या सरांनी बजावलं होतं, पेटी आठ दिवसांतून एकदाच उघडायची. पण प्रयोगशाळेत मी दर दोन तासांनी नमुना तपासतो. रोज पाहिलं नाही तर काही कळलं असं मला वाटतच नाही. शिवाय पहिली पाळी संपवून परतलो की डाव्या पेटीचं झाकण काढायचो, आतली पोळ्याची चौकट उचलायचो आणि हजारो जीव एकदम हलायचे. खोलीत माझ्या येण्याने काहीच हलत नसे.

काकी ओट्यावरून म्हणाल्या, "भाऊ, रोज काय बगता त्यांच्या घरान? तुमचा दार कोनी रोज उघडला तं तुमी रवाल काय?"

"काकी, माझं दार उघडायला येतंय कोण!"

त्या खूप हसल्या. मीही हसलो.

वहीत मी रोज नोंद करायचो. 'डावी पेटी: तीन दिवस पराग येत नाही. नवी अंडी नाहीत.' लिहिलं, पण याचा अर्थ काय, हे कुणाला विचारलं नाही. एका सकाळी डाव्या पेटीत एकही माशी नव्हती. मध संपवून, पोळी रिकामी करून सगळ्या निघून गेल्या होत्या.

सरांना फोन केला.

"किती वेळा उघडलीत?"

"रोज."

"अहो, आपली देशी माशी आहे ती. सारखं छेडलं की भांडत बसत नाही, घर सोडते. आता दुसरीला आठ दिवस हात लावू नका."

उजवी पेटी मी कमीच उघडली होती. आता तीही जाईल या भीतीने रोज चार हात लांब उभा राहायचो. माश्या पायांवर पिवळा पराग घेऊन आत शिरत होत्या. आत पिल्लं असल्याशिवाय एवढा पराग कशाला आणतील, असं स्वतःलाच समजावायचो.

आठव्या दिवशी रविवार होता. झाकण काढून मधली चौकट उन्हाकडे धरली. पोळ्यातल्या घराघराच्या तळाशी बारीक पांढरी अंडी उभी होती. म्हणजे राणी होती, आणि माश्या राहणार होत्या. चौकट हळूच परत ठेवली, झाकण लावलं.

सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. सकाळचे नऊ वाजले होते. अख्खा रविवार पुढे होता.