बाळकृष्ण अंधेरीत राहायचा

माझ्या मावसबहिणीच्या पाया जितकी माणसं पडली, तितकी अख्ख्या अंधेरीत दुसऱ्या कुणाच्या पडली नसतील, आणि त्यात आमची सख्खी आजीसुद्धा आली. सहा वर्षांची असताना तिला एका पौराणिक बोलपटात बाळकृष्ण केलं. तो असा काही चालला, की देव लहान असला की तो हिनंच व्हायचा, हे निर्मात्यांनी ठरवूनच टाकलं. ध्रुव झाली, प्रल्हाद झाली, राम-लक्ष्मणांतला जो रडका असेल तो झाली. शेजारणी सकाळी तिच्या पायांवर डोकं ठेवून मगच दूध तापवायच्या. ही गॅलरीत चड्डी-बनियनवर दात घासत असायची, पण तोंडात राखुंडी असली तरी आशीर्वादाचा हात वर करायला विसरायची नाही. पोस्टमनलासुद्धा 'कल्याण असो' म्हणायची. मावशीनं तिचे केस कधी मानेखाली येऊ दिले नाहीत. म्हणायची, मुकुटात मावायला नकोत का?

उभं राहायची तीही मुरली वाजवत असल्यासारखी, उजवा पाय डाव्यावरून पुढे टाकून. नळावर तशी, शाळेत छड्या खाताना तशी. बसस्टॉपवर मला लाज वाटायची. मी कोपरानं ढोसून म्हणायची, "पाय सरळ कर गं." ती करायची, आणि बस येईस्तोवर पुन्हा वाकडा. लोण्याचं मात्र नाव काढायची सोय नव्हती. शूटिंगला सोबत म्हणून मला न्यायचे, म्हणून मला ठाऊक. दिव्यांच्या धगीत ते लोणी आंबून जायचं आणि दिग्दर्शकाचं समाधान होईपर्यंत हिला तेच गिळावं लागायचं. एकदा मडक्यांच्या मागे जाऊन भडाभडा ओकली, तोंड पुसलं आणि पुन्हा गोड हसत उभी राहिली. पुढे मावशी घरी लोणी कढवायला बसली, की ही थेट मरोळच्या भातशेतांपर्यंत चालत जायची.

तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, नायिका व्हायचं. मोठ्या अपेक्षा नव्हत्या हो. एक लांब वेणी, त्यावर गजरा, आणि समोर कुणीतरी असा, की त्याच्याकडे बघून 'इश्श' म्हणता येईल. मावशीशी भांडून तिनं केस वाढवले, आणि सतराव्या वर्षी खरंच एका सामाजिक चित्रात नायिका झाली. मढच्या किनाऱ्यावर, होड्यांच्या आडोशाला, तिचा 'इश्श' घेतला. मी तिथं होते. आपली आहे म्हणून सांगत नाही, फार सुरेख म्हणाली होती.

पहिल्या खेळाला आम्ही तिघी एका रांगेत बसलो. पडद्यावर ती वेणी पुढे घेऊन आली, नायकानं तिचा हात धरला, आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं 'देवा रे' म्हणून हात जोडले. थिएटर हसलं. मीही हसले असते, पण शेजारी बघितलं तर मावशीचे हात जोडलेले. सख्ख्या आईचे. तिला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. बहिणीनं ते बघितलं. मावशीचे हात हळूच खाली घेतले, मांडीवर ठेवले आणि मध्यंतरापर्यंत धरून बसली.

चित्र पडलं. नायिका म्हणून तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही. दोनेक वर्षांनी बोलावणं आलं ते यशोदेसाठी. विशी उलटायच्या आत ही देवाची आई. मला इतकं वाईट वाटलं, की मी तिला नको म्हण म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "निदान केस तरी लांब ठेवता येतील."

सोबतीला मीच गेले. बाळकृष्ण म्हणून एक इवलीशी पोर आणली होती, मानेपर्यंत केस कापलेली. लोण्याचाच प्रसंग होता आणि तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता. दिग्दर्शकानं पुन्हा एकदा घेऊ म्हटलं. तेव्हा माझी बहीण तिच्याजवळ खाली बसली आणि हलकेच म्हणाली, "गिळू नकोस, बाळा. कट म्हणाले की माझ्या पदरात थुंक."

कपडेवाला जरीच्या पदरासाठी कळवळत होता. पोर प्रत्येक वेळी थुंकत होती, आणि ही पदर पुढे करत होती.

संध्याकाळी आम्ही बसस्टॉपवर उभ्या होतो. तिचा उजवा पाय सवयीनं डाव्यावरून पुढे आला. त्या दिवशी मी तिला पाय सरळ कर म्हटलं नाही.